चार बोटं ओल

सोयाबीन पेरून सहावा दिवस होता. अण्णा, माझे वडील, पेरलेल्या तासाच्या कडेला उकिडवे बसले आणि तर्जनीनं माती बाजूला सारू लागले. वरची माती वाळून भुरकट झाली होती, खालची नुसती दमट. दोन बोटं खोल गेल्यावर बी सापडलं. ते त्यांनी उचलून तळहातावर घेतलं. पेरताना गोल, टणक, पिवळं असलेलं बी आता फुगून लांबट झालं होतं. साल सुरकुतली होती. जिथून मोड फुटायचा तिथं पांढऱ्याऐवजी तपकिरी ठिपका होता. अण्णांनी ते चिमटीत दाबलं, तर आतून पिठूळ, आंबूस वासाचं काहीतरी बाहेर आलं. ते बोलले नाहीत. दोन पावलं पुढं सरकून दुसरं उकरलं. मग तिसरं. मी मागं उभी होते आणि दर वेळी माती सरकली की मनात म्हणत होते, हे तरी पांढरं निघू दे.

पाचही एकर पेरून टाकायचं, हे मी ठरवलं होतं.

२०१७ च्या जूनची ही गोष्ट. आमचं गाव औसा तालुक्यात. जमीन काळी, भारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आजोबांच्या काळी या रानात ज्वारी होती, आता खरिपात सगळं शिवार सोयाबीनचं. मिरग निघाल्यावर दोन पाऊस झाले होते, एक रात्रीचा जोराचा आणि एक नुसता भुरभुर. शेतं वरून काळी दिसायला लागली होती आणि पहाटे पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडत होता. मी पुण्याला नोकरीला होते. दर साली पेरणीला जाता येत नाही याची रुखरुख मनात असायची. त्या वर्षी शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा मिळाली होती.

घरी पोचले तेव्हा अण्णा रानातून नुकतेच आले होते. विचारलं, “पेरायचं ना?” म्हणाले, “ओलीला ओल भेटली नाही अजून.”

आमच्याकडं हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं. उन्हाळाभर तापलेल्या काळ्या रानात खोलवर थोडी जुनी ओल शिल्लक असते. वरून पाऊस पडला की नवी ओल खाली उतरत जाते. मधला कोरडा थर भिजून दोन्ही ओली एकमेकींना भेटल्या, की बियाला खालून आधार मिळतो. मग वर चार दिवस ऊन पडलं तरी रोप तग धरतं. भेटल्या नाहीत, तर वरची चार बोटं ओल हीच बियाची सगळी पुंजी. कृषी विद्यापीठाचे लोक हेच आकड्यात सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण मिलिमीटर मोजतात ते महसूल मंडळाच्या ठिकाणी, आणि मंडळाला पडलेला पाऊस आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत पडलेला असतोच असं नाही. म्हणून अण्णा कुदळीनं वीतभर खड्डा घेतात, तळाची माती मुठीत दाबतात आणि मूठ उघडून बघतात. लाडू झाला आणि अंगठ्यानं टिचकी मारल्यावर फुटला तर वापसा, म्हणजे पेरायला बरोबर ओल. लाडूच झाला नाही तर थांबायचं. हाताला चिकटून राहिला, तरी थांबायचं.

त्या दिवशी लाडू झाला नव्हता. हे मला अण्णांनी दाखवलंही. तरीही मी हट्टाला पेटले.

माझ्याकडं कारणं होती, आणि आज आठवून बघते तर एकही खोटं नव्हतं. ट्रॅक्टरवाला दारात उभा होता. आत्ता नको म्हटलं की तो पुढच्या गावाला जाणार, पुन्हा नंबर लागायला आठ-दहा दिवस. शेजारच्या काकांनी आदल्या दिवशीच पेरून घेतलं होतं. रस्त्यावरून येताना मी स्वतः बघितलं होतं, बेलकुंडापासून इकडं सगळीकडं पेरणीयंत्रं चालू होती. “सगळेच पेरायलेत की, अण्णा,” असं मी दोनदा म्हणाले. आणि सगळ्यात भक्कम कारण म्हणजे हवामान खात्याचा अंदाज. एप्रिलमध्ये त्यांनी सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, जूनमध्ये तो वाढवून ९८ टक्के केला होता. मी तो अण्णांना मोबाईलवर वाचून दाखवला. “यंदा पाऊस चांगलाय, उगाच भिऊ नका. उशीर केला तर तुमचंच उत्पन्न घटतं,” असंही म्हणाले. सोमवारी रात्रीच्या गाडीनं मला परत निघायचं होतं, हे मात्र कारणांच्या यादीत मी धरलं नव्हतं. खरं तर सगळ्यांत वजनदार तेच होतं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, ट्रॅक्टरकडं बघितलं. शिकलेली लेक सांगतेय म्हटल्यावर त्यांचा विरोध ढिला पडला असावा. “बरं, तू म्हणतीस तर...” म्हणाले आणि आत जाऊन बॅगा काढल्या.

सकाळी ओट्यावर ताडपत्री पसरून आईनं आणि मी बीजप्रक्रिया केली. बुरशीनाशक चोळताना पिवळ्या दाण्यांवर गुलाबी रंग चढत गेला. सावलीत सुकवून जिवाणू खताचा हात दिला. त्या घटकेला मला सुचलं नाही, पण माघारी फिरायची एक वाट तिथंच बंद झाली होती. रंग चढलेलं बी पुन्हा बाजारात विकता येत नाही, दळता येत नाही, ढोरांपुढं टाकता येत नाही. त्याला आता मातीशिवाय जागा नाही. दुपारपर्यंत पाचही एकर पेरून झाले. अण्णांनी पहिल्या तासाला नारळ फोडला. मी फोटो काढले. रात्री गाडीत बसले तेव्हा हाताला मातीचा वास होता आणि मी सुखात होते.

पुढं पावसानं दडी मारली.

त्या आठ दिवसांत मातीखाली काय घडलं, हे मी नंतर नीट समजून घेतलं. आधीच समजून घ्यायला हवं होतं. बी मातीत पडलं की पहिलं काम पाणी पिण्याचं. रुजायला सोयाबीनच्या बियाला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी लागतं. मक्याचं तीस टक्क्यांवर भागतं. सोयाबीन त्या बाबतीत फार तहानलेलं बी. पाणी आत गेलं की निजलेला जीव जागा होतो, साठवलेलं अन्न फोडायला सुरुवात होते, श्वास वाढतो. एक-दोन दिवसांत मूळ साल फोडून खाली निघतं. इथवर आलेल्या बियाला परत निजता येत नाही. पाणी मिळत राहिलं तर ते पुढं जाईल, नाही मिळालं तर मरेल.

म्हणून अर्धवट ओल सगळ्यांत वाईट. हे मला फार उशिरा उमगलं. मी समजत होते की पुरेशी ओल नसेल तर बी वाट बघेल, पाऊस आला की उगवेल. कोरडी ठाक माती असती तर कदाचित बघितलीही असती. कापसाची धूळपेरणी करतात ती याच भरवशावर. कोरड्या मातीत कोरडं बी टाकून ठेवतात, ते निजून राहतं आणि पावसानं जागं होतं. भरपूर ओल असती तर उगवून आलं असतं. आम्ही बियाला जागं होण्याइतकं पाणी दिलं आणि जगण्याइतकं दिलं नाही.

आणि जी उगवायला निघाली त्यांचं आणखी वेगळं. सोयाबीनचं रोप डोकं वर काढून येत नाही, मान वाकवून येतं. मातीखाली देठाची कमान होते, ती कमान माती उचलते आणि मागून दोन जाड डाळिंब्या ओढून वर आणते. सातव्या दिवशी संध्याकाळी तालुक्यातल्या दुसऱ्या टोकाचा एक शिंतोडा आमच्याकडं येऊन गेला. दहा मिनिटांचा पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन. वरच्या मातीची खपली धरली. नंतर आईनं सांगितलं, खपली उचलून बघितली तर खाली माना मोडून पडलेली रोपं होती. “इतकं वर आलेली गं,” एवढंच ती फोनवर म्हणाली आणि बोटांनी किती ते दाखवत असावी, कारण पुढं काहीच बोलली नाही.

सहाव्या दिवशी मी परत गेले होते, ते उकरणं मी डोळ्यांनी बघितलं. रजा नव्हती, काढली. फोनवर अण्णा “बघू, बघू” म्हणत होते आणि त्या ‘बघू’मधला आवाज मला ओळखू येत होता.

जुलै उजाडला तरी मराठवाड्यात तीच गत होती. पेपरात रोज दुबार पेरणीच्या बातम्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तर चुकीच्या अंदाजामुळं नुकसान झालं म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. त्यांचा संताप मला कळत होता, माझ्याही घरात पाच एकरांचं मढं पडलेलं होतं. पण मी कुणावर रागवायचं? जो अंदाज मी अण्णांना वाचून दाखवला तो चार महिन्यांचा होता, सगळ्या देशाचा होता. मोसम संपला तेव्हा देशात पाऊस ९५ टक्के भरला, म्हणजे अंदाज फार हुकलाही नाही. चार महिन्यांची बेरीज बरोबर आली. आमच्या बियाला मात्र त्या बेरजेतले पहिले आठ दिवस हवे होते, तेही आमच्याच धुऱ्याच्या आत. जून ते सप्टेंबरच्या प्रश्नाचं उत्तर मी येत्या आठवड्याच्या प्रश्नाला लावलं होतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट खुपते. आपल्याकडं दूरदृष्टीचं फार कौतुक. शाळेत, भाषणांत, लग्नाच्या बैठकीत, सगळीकडं लांबचं बघणारा माणूस मोठा. “पुढचा विचार करा” म्हणजे वीस वर्षं पुढचा. मुलीला काय शिकवायचं, घर कुठं बांधायचं, म्हातारपणी काय. उद्या-परवाचं बघणाऱ्याला आपण कोत्या नजरेचा म्हणतो. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हणही हंगामाच्या शेवटची आहे, खळ्यावरची. उगवण्याआधी मातीखाली जे चार-आठ दिवस जातात, त्यांच्याबद्दल ती काही सांगत नाही. आणि ज्यांच्या घरात साठवण नाही त्यांचं सगळं त्या चार-आठ दिवसांत ठरतं. ज्याच्याकडं दोन वर्षांचं धान्य आणि बँकेत पैसा आहे त्याला एक आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. आमच्या घरी तो आठवडा पुढच्या सगळ्या आठवड्यांवर चढून बसला.

तो कसा चढला ते आईच्या वहीत आहे. आई सातवी शिकलेली, दोनशे पानी वहीत शाईच्या पेनानं हिशेब लिहिते. त्या जूनचं पान मी नंतर बघितलं. पाच बॅगा बियाणं, डीएपी खताची पाच पोती, बुरशीनाशक आणि जिवाणू खत, ट्रॅक्टर, नारळ. खाली बेरीज, साडेअठरा हजार. त्यातलं खत काही अंशी जमिनीत राहिलं असं अण्णा म्हणायचे, आईनं ती वजाबाकी कधी केली नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,०५० रुपये होता, म्हणजे सहा क्विंटल सोयाबीन उगवायच्या आधीच गेलं. आणि बाजारात भाव हमीभावाच्याही खाली होता, तेव्हा सहाहून जास्तच म्हणायचं.

पण पैशाची बेरीज एका ओळीत मावते. तिच्या पुढच्या ओळी बघा. पेरणीच्या आठव्या दिवशी दुकानदाराला बॅगांचे निम्मे पैसे द्यायचे ठरले होते, ते देता आले नाहीत. दुबार पेरणीला बियाणं पुन्हा त्याच्याकडूनच उधार घ्यायचं, म्हणून अण्णा भाव न विचारता तो देईल ती बॅग घेऊन आले. बचत गटाची दहा हजारांची उचल आईनं काढली. भावाला लातूरला डिप्लोमाला घालायचं होतं, वसतिगृहाची अनामत भरायची तारीख जूनअखेर होती. ती हुकली. तो पहिलं वर्ष औशाहून एसटीनं रोज जाऊन-येऊन शिकला. मी पुण्याहून पैसे पाठवले ते आईनं गटाचा हप्ता फेडायला वापरले, अनामतीला नाही, कारण गटातल्या बायकांसमोर मान खाली घालायची नव्हती. यातलं काहीही मी ‘सगळेच पेरायलेत की’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं नव्हतं. असायला काहीच हरकत नव्हती. सगळं पंधरा दिवसांच्या आतलं होतं, घरातलंच होतं, फक्त विचारायला हवं होतं. दुकानदाराची तारीख कधीची, अनामत कधी भरायची, बी गेलं तर दुसरं कुठून आणायचं. हे तीन प्रश्न अण्णांना माहीत होते, आईला माहीत होते. मी घाईत होते आणि ते गप्प बसले.

त्यांचं गप्प बसणं अजून सलतं. लेक शिकलेली आहे, तिला आपल्यापेक्षा लांबचं दिसतं, असं त्यांना वाटलं. मला लांबचं दिसतही होतं. पायाजवळचं दिसत नव्हतं. चाळिशी लागली की अण्णांना बॅगेवरचा निळा टॅग वाचायला चष्मा लागायला लागला. लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणशक्ती सत्तर टक्के, हे सगळं ते हात लांब करून वाचायचे. पण कुदळीच्या खड्ड्यात डोकावताना त्यांना चष्मा कधी लागला नाही.

जुलैच्या मध्यावर पाऊस परतला. सोयाबीन पेरायची मुदत साधारण १५ जुलैपर्यंत धरतात, पुढं पेरलं की फुलोऱ्याच्या वेळेला ओल संपते. मूग-उडदाची वेळ तर केव्हाच गेली होती. अण्णांनी तीन एकरांत पुन्हा सोयाबीन घातलं, दोन एकरांत तूर. या वेळी मी पुण्यातच होते. फोनवर फक्त विचारलं, “ओल भेटली का?” म्हणाले, “भेटली.” सोयाबीन एकरी चारच क्विंटल आलं. तूर बरी आली.

शेजारच्या काकांचंही पहिलं बी गेलं होतं, हे सांगायला हवं. सगळेच पेरतात तेव्हा सगळ्यांचंच जातं, आणि मग तुम्हाला एकट्याला मूर्ख ठरावं लागत नाही. हा दिलासा मोठा असतो, गावात तर फारच. पण दुकानात उधारीला सगळ्यांना एकदम यावं लागतं, आणि तेव्हा बियाण्याची टंचाई पडते ती याच एकमेकांच्या सोबतीनं.

थांबणंही फुकट नसतं, हे अण्णांनी मला नंतर एका संध्याकाळी समजावलं. मी तोवर दुसऱ्या टोकाला गेले होते, प्रत्येक वर्षी ‘थांबा, थांबा’ करायला लागले होते. ते म्हणाले, “थांबलं तर काय जातं ते बी मोजावं लागतं. आठ दिवस थांबलं की वापसा निघून जातो, तण वर येतं, वखराची एक पाळी जास्त द्यावी लागती. पण बॅगेतलं बी बॅगेतच राहतं. उद्या पेरता येतं. पेरलेलं बी काढून परत बॅगेत भरता येतंय का?” एवढं बोलून ते तंबाखू मळू लागले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. मी कित्येक दिवस ते वाक्य मनात घोळवत होते. दोन्हीकडं नुकसान असताना, कुठल्या नुकसानीनंतर आपल्या हातात अजून काही उरतं, हे ते बघत होते. नोकरीतही हे मला उपयोगी पडलं. एका साहेबांना रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा मी संध्याकाळी न पाठवता सकाळी वाचला आणि पाठवला नाही. त्याबद्दल इथं लिहायची गरज नाही.

आणखी एक सवय घरात आली ती २०२० नंतर. आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात काढणीचं सोयाबीन भिजलं होतं. तेच पुढं बियाणं म्हणून आलं आणि राज्यभर उगवलं नाही. हजारो तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आमचं त्या वर्षी थोडक्यात निभावलं, पण आईनं तेव्हापासून नियम केला. बॅग विकतची असो की घरची, पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी ती त्यातले शंभर दाणे मोजून काढते. निवडून नाही, मूठ घालून येतील तसे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरते, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडते, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करते आणि रांजणामागं सावलीत ठेवते. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडते. सहाव्या-सातव्या दिवशी उघडते आणि मोजते. सत्तरच्या वर निघाले तर एकरी तीस किलो, कमी निघाले तर त्या मानानं जास्त, फारच कमी तर बॅग परत. एका गोणपाटावर आठ दिवस आधी, पाच एकरांचा जुगार शंभर दाण्यांत खेळून बघायचा. मला आईची ती गुंडाळी कुठल्याही मोठ्या योजनेपेक्षा मोलाची वाटते.

२०२५ ला पावसानं सगळ्यांनाच चकवलं. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत. आमच्याकडं तर मे महिनाभर पडतच होता. मशागतीला उसंत मिळाली नाही. मेअखेर मी घरी होते. ओली कधीच भेटल्या होत्या, खड्डा घेतला तर तळापर्यंत माती गार. कृषी खातं सांगत होतं, पेरणीची घाई करू नका. गावात दोन तट पडलेले. काहींचं म्हणणं, एवढी ओल मिरगात तरी मिळते का, घालून मोकळं व्हा.

अण्णा आता सत्तरीकडं झुकलेत, उकिडवं बसलं की गुडघा धरतात. त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. “ते परभणीचं पत्रक काढ.” विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यागणिक हवामानाचा कृषी सल्ला निघतो, पुढच्या पाच दिवसांचा. मी वाचून दाखवला. पाऊस हलका, तुरळक, तापमानात वाढ. मोसमाचा सबंध अंदाज किती टक्क्यांचा आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

“दुकानाचं काय देणं आहे?” मी विचारलं.

“काही नाही. रोखीनं आणल्यात बॅगा.”

“ट्रॅक्टर?”

“भाच्याचाच आहे आता. कधीबी येतो.”

“आणि गेलं तर?”

आईनं आतून उत्तर दिलं. “घरचं बी दोन पोती ठेवलंय मी वर.”

अण्णा बराच वेळ रानाच्या दिशेनं बघत बसले. मग म्हणाले, वढ्याकडचे खालचे दोन एकर पेरू, तिथं ओल धरून राहती. वरचे तीन मिरगाचा पाऊस बघून. मी काही बोलले नाही. या वेळी गप्प बसायची पाळी माझी होती आणि ते मला बरं वाटत होतं. गोणपाट उघडलं तेव्हा आईनं ओळीओळीनं बोट फिरवत सत्याऐंशी मोजले, पुन्हा मोजले, आणि वहीत लिहिले.

मी पुण्याला परतले. जून लागला आणि पाऊस खरंच थबकला. मेअखेरीला जिथं होता तिथंच पंधरा दिवस अडून राहिला. गावाकडं ऊन तापतंय असं भाऊ सांगत होता. पेरून पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन आला. वारा ऐकू येत होता, म्हणजे रानातूनच केलेला. धापही लागली होती, वाकून उठल्यासारखी.

“पांढरं आहे,” म्हणाले.

मागून आईचा आवाज आला, “किती जागी उकरून बघितलं ते विचार त्यांना.”

“चार,” अण्णा म्हणाले. “वढ्याकडचा कोपरा अजून राहिलाय. थांब, जरा बघून सांगतो.” फोन चालूच होता. पावलं ऐकू येत होती, मग थांबली.